दुनळी रायफलीच्या नळीची झीज



कामगार चळवळीतल्या माणसाने बंदुकीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचा विषय शिकार नव्हे. पोलाद कसे झिजते आणि ती झीज ओळखताना शहाणी माणसेही कशी फसतात, हा आमचा विषय आहे. १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचा काळ संपला. पण इंग्रजी बनावटीच्या दुनळी रायफली काही जुन्या घरांतून अजून आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. तेव्हा कोणते ठेवावे आणि कोणते द्यावे, हा प्रश्न पडतो. आणि नळीवरचे कारखानदाराचे नाव वाचून लोक निकाल देऊन टाकतात!

दोन नळ्या शेजारी-शेजारी बांधल्या की दुनळी रायफल झाली, असे नाही. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे. म्हणून नळ्या पुढे किंचित जवळ आणलेल्या असतात. किती जवळ, हे कागदावर ठरत नाही. लंडन-बर्मिंगहॅमचा कारागीर गोळी झाडून पाही, तोंडाशी कथलाचा डाख वितळवून मधली पाचर हलवी, पुन्हा झाडी. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडेपर्यंत हे चाले. नळीवर नाव कोरलेले असते ते कारखानदाराचे. ह्या कारागिराचे नाव बहुधा कोठेच नसते. असो.

ह्या रायफलीला दोन चाप असतात, आणि पुढचा चाप बहुधा उजवी नळी उडवतो. पहिली गोळी नेहमी उजवीची. डावीची पाळी गरज पडली तरच. एका जुवाखालच्या दोन बैलांपैकी एकालाच रोज औताला जुंपावे, तसा हा प्रकार. म्हणून दोन्ही नळ्या स्वतंत्रपणे तपासून मग एकमेकींशी ताडून पाहिल्या पाहिजेत.

झीज येते तीन वाटांनी. पहिली, दारूच्या उष्णतेची. कॉर्डाइटचे पेटंट आबेल आणि ड्यूअर यांनी १८८९ मध्ये घेतले. त्या दारूच्या दाहापुढे ली-मेटफर्ड रायफलीतले उथळ चर टिकेनात. म्हणून १८९५ मध्ये लष्कराने खोल चरांची ली-एनफील्ड आणली. ही झीज काडतुसाच्या घरापुढे, ज्याला घसा म्हणतात तेथे, आधी दिसते. परंतु मोठ्या बोअरच्या दुनळीने आयुष्यात गोळ्या थोड्याच झाडलेल्या असतात. तिचा खरा शत्रू दुसरा, गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे. त्याचा क्षार नळीत राही आणि हवेतले पाणी ओढून घेई. आपल्याकडच्या पावसाळ्यात काय होत असेल, हे सांगायला नको. हा क्षार तेलाने जात नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. तिसरी वाट सफाईच्या गजाची. पुढल्या तोंडाने वेडावाकडा गज घालून नोकराने वर्षानुवर्षे केलेली सफाई तोंडाशीच कंगोरे खाऊन टाकते.

आता पारख. काडतूस नाही ना, हे आधी पाहावे, आणि काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्यावे. नळीची चकाकी पाहून भुलू नये. जुन्या गोळ्यांच्या निकेलमिश्रित तांब्याच्या कवचाचा थर आत बसतो आणि त्याखाली गंजाचे खड्डे झाकले जातात. उलट, काळपट दिसणारी नळी कधी नुसती मळलेली असते. आधी तो थर काढावा, मग उजेडात पाहावे. कंगोऱ्यांच्या कडा धारदार आहेत की साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या आहेत?

तोंडात गोळी घालून किती आत जाते ते पाहण्याची एक पद्धत आहे. आम्हांला ती अपुरी वाटते. ४७० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफलीची गोळी प्रत्यक्षात सुमारे ०.४७४ इंचाची असते. नावावरून माप धरले की घोटाळा झालाच. त्यापेक्षा मऊ शिशाचा गोळा तेल लावून गजाने हळूहळू नळीतून ढकलावा. हाताला सारे कळते: कोठे घट्ट, कोठे एकाएकी सैल. बाहेर आलेला गोळा मायक्रोमीटरने मोजावा. उजवीचा वेगळा, डावीचा वेगळा. नळ्या सुट्या करून, टांगून बोटाने वाजवाव्यात. मडके वाजवून घेतो तशा. बद्द आवाज आला तर डाख सुटला आहे.

शेवटची परीक्षा निशाणावरची, तीही कारागिराने सुरक्षित म्हटल्यावरच. नळीवरच्या छापाप्रमाणेच काडतूस हवे. ४७० ला ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी, असा तो हिशेब असे. दोन्ही नळ्यांचे झुबके घट्ट पण एकमेकांपासून दूर पडले, तर दोष बहुधा काडतुसाचा किंवा जुळणीचा. एकीचा झुबका घट्ट आणि दुसरीचा विस्कटलेला, तर त्या नळीच्या झिजेचा संशय घ्यावा. उजवी असली तर नवल नाही.