दोन याद्यांच्या मधली बाई

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी स्वतः भरवलेल्या वंश, जात आणि सामाजिक न्याय या विषयावरील परिसंवादात केलेले भाषण, थोडे आटोपशीर करून.)



तुमची पत्रिका हातात पडली तेव्हा पहिल्यांदा बरे वाटले ते यासाठी, की खाली संस्थाचालकांच्या नावांची रांग नव्हती. वर्गणी तुम्ही गोळा केलीत, वक्ते तुम्ही ठरवलेत, सतरंज्याही तुम्हीच घातल्यात. मग मी पत्रिका पुन्हा वाचली. सकाळचे सत्र : वंश आणि जात. दुपारचे सत्र : स्त्रिया. सकाळी माझ्याखेरीज सगळे वक्ते पुरुष, दुपारी सगळ्या स्त्रिया. तुम्हाला दोष द्यायला मी आलेले नाही. आमच्या संघटनेच्या शिबिरांची वेळापत्रकेही कित्येक वर्षे अशीच असत. पण मला बोलायचे आहे ते या वाटणीबद्दलच, कारण अशाच वाटणीमुळे अमेरिकेत पाच बायका एक खटला हरल्या.

सेंट लुईस शहरात जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा कारखाना होता. १९६४ पूर्वी ही कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नसे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, नोकरीत वंशावरून किंवा लिंगावरून भेदभाव करायला बंदी आली, आणि पुढे काही कृष्णवर्णीय बायका कामाला लागल्या. मग मंदी आली. कपात करताना सेवाज्येष्ठतेचा नियम लावला गेला : जो शेवटी आला तो आधी जाणार. नियम दिसायला अगदी निःपक्षपाती. पण ज्यांना इतकी वर्षे दारातच उभे केले नव्हते त्या ज्येष्ठ होणार कशा? १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली.

एमा डिग्राफेनरीड आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९७६ साली निकाल लागला. कोर्टाचे म्हणणे असे, की कंपनीने १९६४ च्या आधीही बायकांना घेतलेले आहे, तेव्हा लिंगभेद झाला असे म्हणता येत नाही. त्या बायका गोऱ्या होत्या, ही गोष्ट हिशेबात नाही. वंशभेदाचे म्हणाल, तर याच कंपनीविरुद्ध वंशभेदाचा दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. वंश आणि लिंग एकत्र करून तक्रार करू दिली तर नव्या नव्या वर्गवाऱ्यांना अंतच राहणार नाही. या पाचजणी म्हणत होत्या, आमची तक्रार नुसती वंशाची नाहीच. कृष्णवर्णीय पुरुषांची यादी वेगळी होती, गोऱ्या बायकांची वेगळी होती. आमचे नाव दोन्हींत नाही, हीच तर आमची तक्रार आहे!

किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ स्त्रीने १९८९ साली या निकालाची चिरफाड केली. तिने चौकाची उपमा दिली. चौकात उभ्या असलेल्या बाईला या रस्त्याने आलेली गाडीही धडक देऊ शकते आणि त्या रस्त्याने आलेलीही, कधी दोन्ही एकदम. योगायोग असा, की त्याच १९८९ साली आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. आंबेडकरी चळवळीतल्या ज्या बायका ना स्त्रीचळवळीच्या इतिहासात होत्या ना दलित चळवळीच्या, त्यांना भेटून, त्यांचे बोलणे ऐकून लिहिलेले. तुमच्या ग्रंथालयात ते नसेल तर ही पहिली मागणी समजा.

आणि त्याच्याही किती आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता नावाची मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी ‘ज्ञानोदया’त मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. त्यात ती सगळ्या जातीचे दुःख सांगते, पण सांगता सांगता डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांपाशी थांबते. तिला चौकाची उपमा लागली नाही. ती विद्यार्थिनी होती, हे तुम्ही लक्षात घ्या.

आपल्या कोर्टांचे काय? खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि दोन मुलगे यांना गावाने ठार मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही आणि विनयभंगाचे कलमही मान्य केले नाही. दलित आणि स्त्री या दोन्ही गोष्टी गळाल्या. कागदावर नुसता खून उरला.

आता ‘वंश’ हा शब्द पत्रिकेत पाहून काहींना वाटले असेल, हा प्रश्न अमेरिकेचा. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा उठल्या आणि ईशान्येकडचे हजारो विद्यार्थी-कामगार बंगळूर आणि पुण्याहून मिळेल त्या गाडीने गावी निघाले. आपल्याच शहरात त्यांना इतके परके कुणी केले होते?

आमच्या केंद्रात मणिपूरची एक विद्यार्थिनी आली होती. ओळख पटेल असे काही सांगत नाही. घरमालकाचा मुलगा तिला जिन्यात अडवायचा. तो जे बोलायचा त्यात तिचे डोळे होते, तिचे खाणे होते, तिचे अंग होते आणि ‘तुमच्याकडच्या मुली कशा असतात ते माहीत आहे’ हेही होते. सगळे एका दमात. आम्ही तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी लिहून घेतले : छेडछाड. बाकीचे? “ते जाऊ द्या हो ताई, पोरं बोलतात तसं. त्यानं केस मोठी होत नाही.” मग ती तिच्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे गेली. तिथली मुले तिच्या बाजूने उभी राहिली, मोर्चा काढायलाही तयार झाली, पण म्हणाली, निवेदनात फक्त वंशावरून शिवीगाळ लिहू, जिन्यातले नको, तुझेच नाव खराब होईल.

ती मला म्हणाली, “दीदी, एकाच माणसाने एकाच जिन्यात केलेली गोष्ट मी दोन ठिकाणी अर्धी अर्धी कशी सांगू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि सांगायला लाज वाटते, आमच्या केंद्राच्या छापील फॉर्मवर मी तिची तक्रार ‘लैंगिक छळ’ या चौकटीत खूण करूनच नोंदवली होती. उरलेले ‘शेरा’ या एका ओळीत कोंबले. फॉर्म आम्ही त्यानंतर बदलला.

म्हणून परिसंवादांबद्दल माझे मत थोडे कडू आहे. बाहेरच्या अन्यायाचा निषेध करणे सोपे असते. ६ नोव्हेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो आपल्याच कॉलेजविरुद्ध होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर लॅटिन, फिलिपिनो, चिनी, जपानी वंशाचे विद्यार्थी. मागण्या पंधरा : प्रवेश कुणाला, शिकवणार कोण, शिकवणार काय. नवे प्राचार्य हायाकावा विद्यार्थ्यांच्या ट्रकवर चढले आणि त्यांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा उपटल्या. शेकडो अटका झाल्या. मार्च १९६९ मध्ये संप मिटला तेव्हा सगळे मिळाले नव्हते, पण वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा मिळाली आणि ती त्याच वर्षी उघडली. त्या काळच्या चळवळींतही बायकांच्या वाट्याला टंकलेखन आणि स्वयंपाक किती यायचा, हे त्यांच्याकडच्या बायकांनीच लिहून ठेवले आहे. फ्रान्सिस बील आणि तिच्या मैत्रिणींनी १९७० पर्यंत आपली वेगळी संघटना उभी केली, ती उगीच नव्हे.

तुमच्या कॉलेजात काय आहे ते मी काल संयोजकांना विचारले. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी, २०१३ च्या कायद्याप्रमाणे, अंतर्गत समिती आहे, तळमजल्यावर. जातीवरून भेदभावाच्या तक्रारींचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर. एकीचा कागद दुसरीकडे जात नाही. दलित मुलीने किंवा मणिपूरच्या मुलीने कुठला जिना चढायचा?

तुमच्या ठरावांच्या खर्ड्यात सात ठराव आहेत. सहा सरकारला उद्देशून, एक संयुक्त राष्ट्रांना! कॉलेजला उद्देशून एकही नाही. आठवा मी लिहून आणला आहे, अर्ध्या पानाचा : तक्रार एकदाच, एकाच कागदावर घ्यावी, ती दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ऐकावी आणि तक्रार करणारीने जे जसे सांगितले ते तसेच लिहावे. यात कायद्याच्या अडचणी निघतील, त्यावर बोलू. दुपारच्या सत्रात तो मांडायचा आहे. सकाळच्या वक्त्यांना एवढीच विनंती, की जेवण करून निघून जाऊ नका.