निद्रा, सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि स्मृती



तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरणीय कर्माचे नऊ भेद सांगितले आहेत. त्यांपैकी पाच निद्रेचे आहेत : निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. सर्व झोप सारखी नसते, हे आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. आजचे वैद्यकशास्त्रही झोपेचे केवळ तास मोजत नाही; ती किती गाढ लागते आणि किती वेळा मोडते, हेही विचारते.

मेंदूच्या अंतर्भागाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात. डिंभे धरणाचा कालवा दुथडी भरून वाहत असला, तरी शेतातील ठिबकची नळी तुंबली की रोप सुकते. तसेच येथे घडते. वाढते वय आणि दीर्घकाळचा उच्च रक्तदाब यांमुळे या धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, आणि त्यांच्या आधाराने जगणारे मज्जातंतू हळूहळू झिजतात. रक्तपुरवठा खंडित होऊन होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश या सूक्ष्म धमन्यांच्या विकाराने होतात. पुष्कळदा मात्र झटका येतच नाही. चाल मंदावते, हिशेब जुळत नाही, स्वभाव उदास होतो, आणि घरातील माणसे ‘आता वय झाले’ म्हणून गप्प बसतात.

या विकाराचा झोपेशी संबंध कोणता? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. धमन्यांना मिळणारी ती विश्रांतीच होय. झोप वारंवार मोडली तर ही विश्रांती हिरावली जाते. घोरताना ज्यांचा श्वास दहा-दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ थांबतो, त्यांच्या रक्तातील प्राणवायू घटतो आणि प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्यांचा निचरा अधिक होतो, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. २०२४ मधील एका प्रयोगाने मात्र त्याच्या विरुद्ध निष्कर्ष काढला. तो वाद अद्याप मिटलेला नाही. बिघडलेली झोप आणि मेंदूतील अशी झीज अनेकदा एकत्र आढळतात, हे खरे; परंतु आधी काय बिघडते, हे निश्चित सांगता येत नाही. झिजलेला मेंदूही झोप बिघडवू शकतो.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज मात्र सोडावयास हवा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा दोष होता. दिवसा येणाऱ्या अनावर झोपेसह तो ७.५ टक्के पुरुषांत आढळला.

शिनोलीच्या परिसरातील निद्रेची अडचण आणखी वेगळी आहे. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत आली की शेतकऱ्याला बिबट्याच्या भीतीसह पाणी धरण्यास जावे लागते. व्यापारी बांधव पहाटेच्या बाजारासाठी उठतो आणि रात्री उशिरापर्यंत वह्या लिहितो. काही श्रावक-श्राविका कमी झोपेलाच तप मानतात. उत्तराध्ययन सूत्राने रात्रीच्या चार प्रहरांपैकी केवळ तिसरा निद्रेला दिला आहे खरा. पण ती साधूची चर्या होय. दिवसभर राबणाऱ्या प्रौढ गृहस्थाला सात ते नऊ तासांची झोप आवश्यक असते. अप्रमाद म्हणजे जागेपणी सावध असणे. झोपेशी वैर करणे नव्हे.

उपाय खर्चिक नाहीत. चाळिशीनंतर रक्तदाब नियमित तपासावा. चौविहार पाळणाऱ्यांनी व उपवास करणाऱ्यांनी गोळ्या परस्पर बंद न करता त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. श्वास अडकल्याचे स्वतःला कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्यालाच कळते. म्हणून पतीने पत्नीविषयी, सुनेने सासऱ्यांविषयी हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि सायंकाळचे प्रतिक्रमण यांनी संध्याकाळ आपोआप शांत होते. त्यानंतर दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांनी ती पुन्हा अशांत करू नये.

ज्या वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षे ही संस्था सांभाळली, त्यांची स्मृती हीच संस्थेची खरी ठेव आहे. त्यांच्या शांत झोपेची काळजी घेणे हेही वैयावृत्त्यच होय. जय जिनेंद्र.