शेजारचा कलावंत
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या सभेंत चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. अशा प्रसंगीं धर्मगुरूनें मंदिराच्या उभारणीचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि ईश्वराची स्तुति करावी, अशी रूढि आहे. ईश्वराची स्तुति आज सकाळीं वेदीसमोर आपण सर्वांनीं एकमुखानें केली. इतिहास वडीलधाऱ्यांनीं सांगितला. आभाराचें काम कार्यवाह माझ्याहून चांगलें करतील. यास्तव मी एका निराळ्या विषयाकडे आपलें लक्ष वेधणार आहें. तो विषय म्हणजे आपल्या शेजारचा कलावंत.

हा विषय सुचण्यास एक कारण घडलें. महोत्सवाच्या खर्चाचा अंदाज समितीनें माझ्यापुढें ठेवला. त्यांत मंडप होता, भोजन होतें, रोषणाई होती, फ्लेक्सचे फलक होते, बाहेरगांवाहून येणारा वाद्यवृंदही होता. परंतु आपल्याच वस्तींत गाणारीं, वाजविणारीं व रंगविणारीं जीं माणसें आहेत, त्यांच्यासाठीं त्या कागदावर एक ओळही नव्हती. हा दोष समितीचा नव्हे. धर्मगुरु जें मोलाचें मानतो, तेंच धर्मग्राम मोलाचें मानूं लागतो. दोष माझ्याकडे कसा येतो, तें मी पुढें सांगणारच आहें.

प्रथम आपण कोणत्या भूमीवर उभे आहों, याचा विचार करूं. सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि त्यांतील दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. कृष्णामाईच्या या खोऱ्यांत कलेचें पीक पूर्वापार आहे. १८४२ सालीं कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस आली व तिनें आपले खेळ केले. ते पाहून संस्थानचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांस तसे खेळ मराठींत रचण्याची आज्ञा केली. १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलें आणि मराठी नाटकाचा जन्म झाला. त्याचें स्मरण म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमि दिन पाळला जातो.

या गोष्टींतील मर्म आपण ध्यानांत घ्यावें. भाव्यांच्या अंगीं गुण होता, हें खरेंच. परंतु त्या गुणास तीन गोष्टींची जोड मिळाली. ‘हें तूं कर’ असें सांगणारा कोणी भेटला, खेळ करण्यास जागा मिळाली, आणि पाहण्यास माणसें जमलीं. पुढें १८५१ सालीं आप्पासाहेबांचें निधन झालें व तो राजाश्रय सुटला. तेव्हां भाव्यांना आपली मंडळी घेऊन गांवोगांव हिंडावें लागलें, आणि १८५३ सालीं मुंबईंत तिकीट लावून त्यांनीं खेळ केले. आश्रय गेला, तेव्हां लोकांनीं पैसे मोजून कलावंतास जगविलें. राजे आतां उरले नाहींत. आश्रय द्यावयाचा तो आपणच दिला पाहिजे.

शेजारच्या मिरजेकडे पाहा. पूर्वीं शस्त्रें घडविणाऱ्या कारागिरांच्या घराण्यांनीं तेथें तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला. पंढरपूरच्या बाजूस पिकणारे मोठे भोपळे आणून, ते वाळवून, त्यांस लांकडाची जोड देऊन तीं वाद्यें सिद्ध होतात. या मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांकाचें मानांकन मिळालें. ज्या हातांनीं शस्त्रें घडविलीं, तेच हात स्वरांचीं साधनें घडवूं लागले! यशया संदेष्ट्यानें तलवारींचे नांगर होण्याचें जें स्वप्न पाहिलें, त्याचें एक लहानसें रूप आपल्या शेजारींच साकार झालें आहे. त्याच मिरजेंत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत १९३७ सालीं निवर्तलेले खांसाहेब अब्दुल करीमखां चिरविश्रांति घेत आहेत. त्यांच्या स्मरणार्थ तेथें संगीतसभा भरते, आणि मोठमोठे गायक-वादक सेवा म्हणून हजेरी लावतात. नवरात्रांत अंबाबाईच्या मंदिरांतही सूर उमटतात. एकाच गांवांत दर्गा व देऊळ हीं दोन्ही स्वरांचीं आश्रयस्थानें झालीं आहेत. मग चर्चच्या आवारानेंच मुकें कां राहावें?

साताऱ्याकडे वळलों, तर औंधचें उदाहरण आहे. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. त्यांनीं १९३८ सालीं जें संग्रहालय उभारलें, त्यांत राजा रविवर्मा यांचीं चित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ‘माता व बालक’ ही कृतिही आहे. त्याच औंधांत १९४० सालीं गुरुस्मरणार्थ जो संगीतोत्सव सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. औंध हें लहानसें गांव. कलेस मोठें शहरच लागतें, हा समज औंधनें खोटा ठरविला आहे.

कोणी म्हणेल, ‘फादर, हें सारें इतरांचें झालें. आपल्या ख्रिस्तसभेचा याच्याशीं काय संबंध?’ संबंध फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइट धर्मगुरूनें गोमंतकांत राहून प्रभूची कथा मराठी ओवींत गाइली, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. परदेशांतून आलेल्या धर्मगुरूस ओवी आपली वाटली. मग ज्यांनीं ती आईच्या जात्यावर ऐकली, त्या आपणांस ती परकी कां वाटावी? पुढें साताऱ्यासच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ‘देवाचा दरबार’ आरंभिला. ते आपल्या पंथाचे नव्हते, तरी भजन व कीर्तन हीं ख्रिस्तभक्तीचीं वाहनें होऊं शकतात, हें त्यांनीं महाराष्ट्रास पटवून दिलें. १९१९ सालीं ते निवर्तले. त्यांचीं पदें आज सर्व पंथांच्या मंदिरांत गाइलीं जातात.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेसंबंधीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत तर हें धोरण स्पष्टच केलें. ख्रिस्तसभेनें कोणतीही एकच कलापद्धति आपली म्हणून मानलेली नाहीं. पूज्य स्थळाचा मान राखून सर्व देशांच्या व सर्व लोकांच्या कलेस तिच्या मंदिरांत मोकळीक असावी, आणि त्या त्या लोकांच्या संगीतास योग्य तें स्थान मिळावें, असा त्याचा आशय आहे.

तथापि दस्तऐवज निघाला म्हणून मनें पालटतात असें नाहीं. आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराची कथा आपण ऐकावी. १९०२ सालीं गोमंतकांतील कॅथलिक घरांत ते जन्मले, शांतिनिकेतनांत शिकले. पवित्र मरियेस त्यांनीं लुगडें नेसविलें आणि या देशांतील माउलीचा चेहरा दिला. त्यांच्याच लोकांनीं त्यावर टीका केली. अखेर त्यांना आसरा मिळाला तो पुण्यांत, अँग्लिकन पंथीयांच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत. १९६७ सालीं पुण्यासच ते निवर्तले. आज त्यांचीं चित्रें गोमंतकांतील संशोधनकेंद्रांत आदरानें जपलीं आहेत. आदर मिळाला, पण कलावंतास हयातींत त्याचा काय उपयोग?

आतां माझा कबुलीजबाब. पंचवीस वर्षांपूर्वीं, गुरुदीक्षा होऊन थोडाच काळ लोटला असतां, मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत नेमला गेलों. तेथें दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक गृहस्थ होता. मंदिरांत क्रूसाच्या वाटेचीं चित्रें नव्हतीं. एके दिवशीं तो सायकलीवर जुन्या चादरींत गुंडाळलेली एक फळी घेऊन आला. तिच्यावर त्यानें पांचवें स्थान रंगविलें होतें. कालवरीची वाट म्हणजे कृष्णेचा घाट होता, आणि प्रभूचा क्रूस उचलूं लागणारा शिमोन हा हळदीच्या पेठेंतला हमाल होता, पोत्यांच्या ओझ्यानें पाठ वांकलेला. ‘उरलेलीं तेरा मी फुकट करीन, फक्त रंगाचे पैसे द्या,’ असें तो म्हणाला. मी सेमिनरींतून नुकताच आलेला; माझ्या डोळ्यांपुढें युरोपांतील चित्रें. मीं म्हटलें, ‘बाबा, हें देवळांत शोभणार नाहीं.’ तो कांहीं बोलला नाहीं. फळी चादरींत गुंडाळून निघून गेला. मीं बाहेरून छापील चित्रांच्या चौकटी मागविल्या.

पुढें फ्लेक्सचीं यंत्रें आलीं. पाट्या रंगविण्याचें काम बंद पडलें व तो रात्रपाळीचा पहारेकरी झाला. छापील चित्रें चारपांच पावसाळ्यांत ओल धरून फिकीं पडलीं. बदली झाली तेव्हां मी त्याच्या घरीं निरोप घेण्यास गेलों. पाण्याच्या पिंपावर ती फळी झांकण म्हणून ठेवलेली होती, रंगाची बाजू खालीं. ‘ही मला द्याल कां?’ असें मीं विचारलें. तो शांतपणें म्हणाला, ‘फादर, आतां ती पिंपाच्या कामाची आहे.’ तो गृहस्थ आज हयात नाहीं. दृष्टांतांतल्या ज्या सेवकानें आपलें तालांत जमिनींत पुरलें, त्याला धन्यानें जाब विचारला. मीं तर दुसऱ्याचें तालांत पुरलें! माझा जाब अधिक कठीण आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट बोलतों. आपल्यापैकीं कित्येकांच्या आज्यांच्या हातीं हलगी होती, सनई होती. ती वाजविणें गांवकीचें बंधन होतें व त्यांत अपमान होता, म्हणून शिकलेल्या मुलांनीं ती खुंटीला टांगली. त्या अपमानाचा त्याग योग्यच होता. परंतु अपमान वाद्यांत नव्हता. वाजविणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभें करणाऱ्यांच्या मनांत होता. तीच हलगी पास्काच्या सकाळीं पुनरुत्थित प्रभूच्या मिरवणुकीपुढें वाजूं द्या, आणि वाजविणाऱ्यास मंदिरांत पहिल्या बांकावर बसवा. मग तिचा नाद दास्याचा उरणार नाहीं.

याचा अर्थ जें जें कोणी करील तें तें मिस्सेंत आणावें, असा मात्र नव्हे. उपासनेस तिची शिस्त आहे, आणि ती मोडण्याचा अधिकार मलाही नाहीं. परंतु मंदिरास वेदी आहे तसें अंगणही आहे. जें वेदीपाशीं बसत नाहीं, तें अंगणांत आनंदानें बसूं शकतें. कोणी म्हणेल, आपल्या मुलांची कला कच्ची आहे. असेल. जागा व श्रोते मिळाल्याखेरीज ती पिकेल कशी?

यास्तव समितीच्या संमतीनें मी पुढील संकल्प आपणांपुढें ठेवतों. महोत्सवनिधींतून जी शिल्लक राहील, तिचा दशमांश या कामीं बाजूस काढावा. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारीं सायंकाळीं धर्मग्रामाचें सभागृह शेजारपाजारच्या कलावंतांस, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, विनामूल्य खुलें असावें. दरवर्षीं ५ नोव्हेंबरचा रंगभूमि दिन आणि २२ नोव्हेंबरचा संत सिसिलियेचा सण यांच्या दरम्यान एका रविवारीं अंगणांत कलामेळा भरवावा. त्यांत भजन, शाहिरी, धनगरी गजनृत्य, नाटिका, मुलांचीं चित्रें, भगिनींचें भरतकाम, या सर्वांस स्थान असावें. कलावंतास हारतुरा देऊन रिक्त हस्तें घरीं पाठवूं नये; मानधन थोडें असो, पण त्याच दिवशीं हातीं पडावें. कामकरी आपल्या वेतनास पात्र आहे, ही प्रभूचीच शिकवण होय.

याखेरीज आपल्या सुशिक्षित तरुणांनीं एक सेवा पत्करावी. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत; गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीतपरीक्षा आहेत, आणि त्या मंडळाचें कार्यालय मिरजेसच आहे; राज्याच्या हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी सांगलीस होते; वृद्ध कलावंतांस राज्य शासनाकडून मासिक मानधन मिळण्याची योजनाही आहे. हीं दारें उघडीं आहेत, पण अर्ज भरून देणारा कोणी नसल्यामुळें आपलीं माणसें त्यांजपाशीं पोंचत नाहींत. रविवारच्या मिस्सेनंतर अर्धा तास एक टेबल मांडून बसलां, तरी पुष्कळ होईल.

शेवटचें मागणें माझ्या स्वतःसाठीं. आपल्या मंदिराची उत्तरेकडील भिंत कोरी आहे. तिच्यावर क्रूसाची वाट रंगवावयाची आहे. बाहेरून एकही चौकट मागविली जाणार नाहीं. ज्यांच्या हातांत रंग आहे त्यांनीं आपले नमुने घेऊन यावें. मी ते पाहीन, आणि या वेळीं घाई करणार नाहीं. पांचव्या स्थानीं शिमोनाच्या ठायीं हळदीच्या पेठेंतला हमाल असावा, एवढी एकच अट मी घालतों. तें चित्र काढणाऱ्यास त्याचें कारण मी सांगेन. आपण सर्वांनीं तर तें आज ऐकलेंच आहे.

ज्या परमेश्वरानें मंडपाच्या कामासाठीं बसालेल यास नांव घेऊन बोलाविलें आणि त्याच्या हातांत आपल्या आत्म्याचें कौशल्य भरलें, तोच आपल्या गल्लींतल्या कलावंतासही नांवानें हांक मारीत आहे. ती हांक त्याच्या कानीं पोंचेल ती आपल्याच मुखानें. ईश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.