डब्यावरचं नाव

माझं रायपूरला मेडिकल आहे. दिवसभर दुकानात हिंदी आणि छत्तीसगढीच चालते, त्यामुळे मध्येच एखादा शब्द तिकडचा आला तर चालवून घ्या. आजचा विषय आहे मुलांच्या औषधांवरचं लेबल, आणि ते खोटं असलं तर सरकार काय करतं.

2025 चा ऑक्टोबर आठवा. परासिया हे छिंदवाडा जिल्ह्यातलं गाव. तिथली माणसं मोठ्या दवाखान्यासाठी नागपूरच गाठतात. सर्दी-खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं लघवी बंद झाली म्हणून नागपूरला येऊ लागली. वीसहून अधिक मुलं दगावली. औषधाचं नाव कोल्ड्रिफ, कारखाना तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात. तमिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी नमुना घेतला आणि 2 ऑक्टोबरला निष्कर्ष हातात आला. डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के. चालतं किती? 0.1 टक्के. मग बंदी, मालकाला अटक, परवाना रद्द. तपासणीला एक-दोन दिवस पुरले. तपासलं पाहिजे हे सुचायला मात्र आधी मुलं जावी लागली.

त्या बाटलीवर पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन, फिनाइलेफ्रिन असं छापलेलं होतं. यातली शेवटची दोन औषधं एकत्र असतील तर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्राने डिसेंबर 2023 मध्येच काढला होता. त्यानंतरही हा इशारा नसलेल्या बाटल्या माझ्या दुकानात येत होत्या. आदेश निघणं आणि तो बाटलीवर चिकटणं, यात फार अंतर असतं.

हेच विष 1937 साली अमेरिकेत शंभरावर माणसांना घेऊन गेलं. त्यात मुलं बरीच होती. 'एलिक्सिर सल्फानिलामाइड' नावाचं गोड पातळ औषध. विषारी औषध विकू नये असा कायदाच तेव्हा तिथे नव्हता! मग सरकारने माल जप्त कसा केला? नावावरून. एलिक्सिर म्हणजे त्यात अल्कोहोल हवं, आणि यात ते नव्हतं. म्हणून लेबल खोटं. कंपनीने त्याला नुसतं 'द्रावण' म्हटलं असतं तर हातच लावता आला नसता. नवा कायदा पुढच्या वर्षी, 1938 ला आला.

आपल्याकडे औषधांचा कायदा 1940 चा आहे आणि खोटं लेबल हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. पण हा कायदा औषधाला लागतो. औषधासारखं दिसणारं पेय असेल तर? आता ओआरएसकडे येतो. माझ्या गल्ल्यावर रोज घडणारी गोष्ट हीच आहे.

रायपूरला मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. लू लागते, मुलांना जुलाब होतात. आई येते, म्हणते, "भैया, ओआरएस का डब्बा देना." डबा म्हणजे कागदी खोक्यातलं तयार पेय, संत्र्याच्या चवीचं. पुडी नको असते, कारण पुडीचं पाणी मूल थुंकतं आणि डबा मात्र मागून मागून पितं. पिणारच, त्यात साखर आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, 2.6 ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं ओरडून सांगत होत्या की यातल्या काही पेयांत लिटरला 120 ग्रॅमच्या आसपास साखर आहे. जुलाबात इतकी साखर आतड्यात गेली की ती पाणी आत शोषू देत नाही, उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते. मूल आणखी सुकतं.

हे पेय कायद्याने औषध नाही, खाद्यपदार्थ आहे. त्यामुळे औषध निरीक्षकाच्या वहीत ते येतच नाही, आणि तरी ते मेडिकलमध्ये, औषधांच्या फळीवर उभं असतं. एफएसएसएआयने एप्रिल 2022 मध्ये 'ओआरएस' हे नाव वापरायला मनाई केली. जुलैमध्ये सूट दिली: नाव ठेवा, पण हे डब्ल्यूएचओचं ओआरएस नाही, एवढं छापा. छापलंही. नाव हाताएवढं, खुलासा मुंगीएवढा. डॉ. शिवरंजनी तेलंगणा उच्च न्यायालयात गेल्या. 14 ऑक्टोबर 2025 ला ती सूट रद्द झाली. तीन दिवसांत एका कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयातून तात्पुरता दिलासा आणला, पण 31 ऑक्टोबरला त्याच न्यायालयाने दुसऱ्या कंपनीची याचिका फेटाळली. नोव्हेंबरमध्ये राज्यांना असा माल दुकानांतून हटवायला सांगण्यात आलं.

माझ्या मते कोल्ड्रिफपेक्षा हे प्रकरण पकडायला सोपं होतं. प्रयोगशाळा लागत नव्हती, डब्यामागचा साखरेचा आकडा वाचायचा होता. तरी साडेतीन वर्षं गेली, कारण प्रश्न साखरेचा नसून नोंदवलेल्या ट्रेडमार्कचा आहे असं मानलं गेलं.

तुम्ही दुकानात काय बघाल? खऱ्या ओआरएसच्या पुडीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो, बहुतेक वेळा 'मॅ. लाय. नं.' असा, इंग्रजी अक्षरांत. पेयाच्या खोक्यावर त्याऐवजी एफएसएसएआयचं चिन्ह आणि 14 आकडी क्रमांक असतो. दोन्ही हातात घेऊन एकदा पाहा. पुडी नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

एक अडचण अजून तशीच आहे. खऱ्या पुडीवरची माहितीही इंग्रजीत, बारीक अक्षरांत असते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी आहे, हे वाचता न आल्याने लोक ती पेलाभर पाण्यात ओततात. मग मीठ प्रमाणाबाहेर जातं, आणि मुलाला तेही धोक्याचंच. म्हणून गल्ल्यावर मी मार्कर ठेवलाय. पुडी देताना तिच्यावर ठळक लिहितो, '1 लीटर पानी, पूरा'. काही बाया विचारतात, "एकेच बार मा?" हो, पूर्ण पुडी एकाच वेळी एक लिटर पाण्यात. मग थोडं थोडं पाजा, आणि उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या.