अंधारातील सोबत : जी. ए. कुलकर्णी आणि नाओकी उरासावा

मनाच्या तळाशी उतरणाऱ्या काळोख्या कथेविषयी मराठीत एक समज घट्ट रुजला आहे. अशा कथेत माणसे फक्त मोडतात, त्यांची वाढ होत नाही, आणि त्यांच्यात जुळलेली नाती लेखकाने पुढच्या आघाताची तयारी म्हणूनच जुळवलेली असतात, असा तो समज. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेला कायमचे चिकटलेले ‘नियतिवादी’ हे विशेषण याच समजातून बळकट झाले. माणसाच्या वाट्याचे सुखदुःख आधीच ठरलेले असून त्याच्या इच्छेला किंवा कृतीला त्यात काही जागा नाही, या धारणेला नियतिवाद म्हणतात. जी. एं.च्या कथेत ही धारणा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या विशेषणापाशी वाचन थांबले, की या कथांतील एक मोठा भाग, म्हणजे ज्यांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचे कारण नव्हते अशा जिवांमधील ओढ, वाचकाच्या नजरेतून निसटतो. हा निसटलेला भाग हाती लागावा म्हणून येथे जी. एं.च्या कथेशेजारी एक जपानी चित्रकादंबरी ठेवली आहे.

हा विषय हातकणंगल्यात मांडला जाणे अगदी योग्य आहे. ज्यांनी गावाचे नाव आडनाव म्हणून अखेरपर्यंत बाळगले ते समीक्षक म. द. हातकणंगलेकर 1927 साली याच गावी जन्मले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले, आणि 2008 साली सांगलीत भरलेल्या 81व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जी. ए. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म 1923 चा, बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचा, आणि नोकरी धारवाडच्या महाविद्यालयात, तीही इंग्रजीच्याच अध्यापनाची. दोघांची मैत्री दीर्घकाळ टिकली, तिचा पुष्कळसा व्यवहार पत्रांतून झाला, आणि जी. एं.च्या पश्चात त्यांच्या निवडक पत्रांच्या संपादनात हातकणंगलेकरांनी भाग घेतला. सीमाभागाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या या दोन इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मराठी कथेविषयी जो विचार केला, त्याची फळे आजही मराठी समीक्षेला पुरत आहेत.

आता त्या जपानी कृतीकडे वळावे. जपानमध्ये चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या गोष्टीला मांगा म्हणतात. ती उजवीकडून डावीकडे वाचली जाते, आधी नियतकालिकात क्रमशः येते आणि मग खंडांच्या रूपाने बाजारात येते. आपल्याकडे चित्रकथा म्हटले, की ‘अमर चित्रकथा’ आणि मुलांचे कपाट आठवते. जपानमध्ये मात्र वयोगटानुसार मांगाच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, आणि प्रौढ पुरुष वाचकांसाठी असलेल्या शाखेला ‘सेइनेन’ असे नाव आहे. नाओकी उरासावा (जन्म 1960) यांची ‘मॉन्स्टर’ ही या शाखेतली कृती. ‘बिग कॉमिक ओरिजिनल’ या पाक्षिकातून ती 1994 च्या अखेरीपासून 2001 च्या अखेरीपर्यंत चालली, तिचे 18 खंड झाले, आणि 1999 साली तिला तेझुका ओसामू यांच्या नावाचा प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला. कथा जपानी चित्रकाराची असली तरी घडते ती जर्मनीत आणि चेक प्रजासत्ताकात, बर्लिनची भिंत पडण्याच्या आगेमागे.

केन्झो तेन्मा हा मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा तरुण जपानी डॉक्टर ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात काम करीत असतो. एके रात्री एका तुर्की मजुराला आधी आणलेले असताना वरिष्ठांच्या हुकमावरून तेन्माला एका प्रसिद्ध ऑपेरा गायकाकडे वळवले जाते. मजूर दगावतो, आणि त्याची विधवा तेन्माला गाठून जाब विचारते. हा प्रसंग मोजक्या चौकटींचा आहे, पण पुढची सगळी कादंबरी त्याच्यावर उभी आहे. कारण पुढच्या खेपेला डोक्यात गोळी लागलेला एक मुलगा आधी येतो आणि शहराचा महापौर नंतर, तेव्हा तेन्मा हुकूम मोडून मुलाला वाचवतो. महापौर मरतो, तेन्माची बढती जाते, रुग्णालयाच्या संचालकाच्या मुलीशी, एव्हाशी, ठरलेले लग्नही मोडते. वाचलेला मुलगा योहान पुढे शांत चेहऱ्याने माणसे मारणारा आणि माणसांकडून मारवणारा तरुण होतो, त्याच्या खुनांचा संशय तेन्मावर येतो, आणि आपण वाचवलेल्या जिवाला आपणच संपवायचे असे ठरवून डॉक्टर बंदूक घेऊन घर सोडतो.

गोष्ट एवढ्यावरच असती, तर ती उत्तम रहस्यकथा झाली असती. तिचे वेगळेपण पाठलागाच्या वाटेवर तेन्माला जोडल्या जाणाऱ्या माणसांत आहे. डीटर हा लहान मुलगा हार्टमान नावाच्या माणसाच्या ताब्यात मार खात वाढलेला असतो, आणि उद्याचा दिवस अंधाराचाच असतो हे त्याच्या मनावर ठसवले गेलेले असते. तो खुनाचा आळ असलेल्या फरारी माणसाच्या मागे फुटबॉल घेऊन चालू लागतो, आणि तेन्मा त्याला परत पाठवण्याचा हरप्रकारे प्रयत्न करूनही परतत नाही. हाइनरिख लुंगे हा पोलीस निरीक्षक याच्या अगदी उलट टोकाला आहे. कीबोर्डवर टंकलेखन करावे तशी हवेत बोटे चालवून तो प्रत्येक तपशील स्मरणात साठवतो, त्या स्मरणशक्तीच्या बळावर तेन्माच खुनी आहे असे सिद्ध करू पाहतो, आणि या हट्टापायी त्याची बायको-मुलगी घर सोडून गेली तरी त्याच्या चेहऱ्यावर फरक पडत नाही. तपास ज्या माणसाविरुद्ध चालला आहे त्याच्याशीच त्याचे सर्वांत निकटचे नाते जुळते. अखेरीस तो तेन्माची माफी मागतो, तेव्हा त्या माफीत आपण जन्मभर माणसांऐवजी माहितीच सांभाळली, ही कबुलीही असते.

तरीही या कृतीचा प्राण वोल्फगांग ग्रिमर या पात्रात आहे. पूर्व बर्लिनमधील किंडरहाइम 511 या काल्पनिक अनाथगृहात मुलांच्या भावना पुसून त्यांना राज्यसंस्थेसाठी घडवण्याचे प्रयोग झाले, आणि ग्रिमर हा त्यातून बाहेर पडलेला माजी गुप्तहेर. तो सतत हसरा असतो, पण ते हसू त्याने इतरांकडे पाहून सरावाने शिकलेले असते. स्वतःचा मुलगा मेला तेव्हा त्याला रडू आले नाही, म्हणून बायको त्याला सोडून गेली. जिवावर बेतले की त्याच्या आत दडलेला दुसरा कोणीतरी जागा होतो, समोरच्यांना चेचून काढतो, आणि नंतर ग्रिमरला त्यातले काहीच आठवत नाही. एकाच देहात नांदणाऱ्या आणि एकमेकांची आठवण न ठेवणाऱ्या अशा दोन स्वभावांना मानसशास्त्रात विभक्त व्यक्तिमत्त्व म्हणतात. रुहेनहाइम नावाच्या लहानशा गावात, पावसात, गोळ्या झेलत ग्रिमर शेवटचा लढा देतो, तेव्हा तो दुसरा कोणी येत नाही. येतो तो ग्रिमरचा स्वतःचा राग. मरताना त्याला वर्षांपूर्वी गेलेल्या मुलासाठी रडू येते. येथे भावनिक वाढ म्हणजे सुख मिळणे नव्हे, हे उरासावा यांनी कोणतेही भाष्य न करता दाखवले आहे. आपले दुःख आपले म्हणून ओळखता येणे, एवढीच ती वाढ. आणि ती साधायला ग्रिमरला एक फरारी डॉक्टर, काही अनोळखी गावकरी आणि एक पोलीस अधिकारी यांची सोबत लागते.

तेन्माची वाढही याच जातीची आहे. शेवटी योहानला पुन्हा डोक्यात गोळी लागते आणि तेन्मा पुन्हा शस्त्रक्रिया करतो. पहिल्या वेळी त्याच्यापाशी एक तत्त्व होते, सर्व जीव सारखे. दुसऱ्या वेळी त्याच्यापाशी त्या तत्त्वाची पूर्ण किंमत असते. अठरा खंडांच्या या पसाऱ्यात योगायोग फार आहेत, काही उपकथानके कापली असती तरी चालले असते, परंतु एकच कृती दोनदा करायला लावून माणूस मधल्या काळात किती बदलला हे मोजण्याची ही युक्ती जोरदार आहे.

जी. एं.च्या कथेत हे मोजायला सात वर्षांचे पाक्षिक अंक नाहीत. ‘निळासावळा’ (1959), ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ आणि ‘रक्तचंदन’ यांच्यातून ‘काजळमाया’ (1972) आणि ‘पिंगळावेळ’ (1977) पर्यंत आलेली त्यांची कथा लांबत गेली, तरी तिचा पल्ला एका दीर्घकथेचाच राहिला. आणि दीर्घकथेत वाढ दाखवण्यापेक्षा वाढीला सुरुवात झाल्याचा क्षण पकडणे भाग पडते. ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ या कथेत एका वाटसरूला मठाच्या लोकांनी आपला स्वामी म्हणून तळघरात कायमचे कोंडलेले असते. मान, खाणे, सुखसोयी सर्व काही आहे, फक्त दार नाही. कथेचा मामला एवढ्यापुरताच असता, तर नियतिवाद हा शब्द पुरेसा ठरला असता. पण त्या बंदिवासात एक वेल रुजतो, कैदी त्याला जपतो, आणि वारा येण्याच्या वाटेने तो वेल वरच्या उजेडाकडे चढत जातो. माणूस सुटत नाही, वेल सुटतो. आणि आपण सुटलो नाही याचे शल्य त्या माणसाच्या लेखी हळूहळू गौण होते. माणूस आणि वेल यांच्या या नात्यात परतफेड नाही, कृतज्ञता नाही, संभाषणही नाही. ग्रिमरचे शेवटचे रडणे आणि स्वामीचा हा वेल यांत एकच प्रश्न विचारलेला आहे: ज्याच्याकडून काहीच परत मिळणार नाही, त्याच्यासाठी माणसाचे मन किती मोकळे होऊ शकते?

त्याच संग्रहातील ‘कैरी’ या कथेत पोरके मूल आणि निपुत्रिक तानीमावशी यांचे नाते आहे. नवऱ्याच्या घरात जिची स्वतःचीच किंमत राहिलेली नाही ती बाई दुसऱ्याच्या मुलाला आधार द्यायला निघते, आणि तो आधार पुरेसा ठरत नाही. अमोल पालेकर यांनी या कथेवर चित्रपट काढला, जी. एं.च्याच ‘चैत्र’ या कथेवर क्रांती कानडे यांनी लघुपट केला. या रूपांतरांमुळे जी. एं.च्या कथेतील जिव्हाळा अनेकांना प्रथमच दिसला, आणि हे थोडे आश्चर्याचेच म्हटले पाहिजे, कारण तो मूळ मजकुरात पहिल्यापासून होता. जी. एं.नी अनुवादासाठी निवडलेली पुस्तकेही तेच सांगतात. कॉनरॅड रिक्टर यांच्या ज्या कादंबरीचा त्यांनी ‘रानातील प्रकाश’ हा अनुवाद केला, ती अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांत वाढलेल्या गोऱ्या मुलाची कथा आहे: जन्म एका घरचा, माया दुसऱ्या घरची, आणि शेवटी दोन्ही घरे परकी.

उरासावा आणि जी. ए. यांच्यात मोठा फरकही आहे आणि तो झाकून ठेवू नये. ‘मॉन्स्टर’मध्ये सोबत मिळाली, की पुष्कळ माणसे वाचतात, डीटर वाचतो, योहानची बहीण निना वाचते, दारूत बुडालेली एव्हासुद्धा सावरते. जी. एं.कडे सोबत मिळूनही माणूस वाचेलच असे नाही, बहुधा वाचत नाहीच. म्हणून जी. एं.च्या कथेतली सोबत अधिक उघडी, अधिक निरुपयोगी, आणि या लेखनाच्या मते अधिक खरी आहे. जे उपयोगी पडले त्याला चांगले म्हणणे सोपे असते.

या निर्णयाला कथांइतकाच आधार पत्रांचा आहे. काळ्या चष्म्याआड राहणारा, सभा-समारंभ टाळणारा, ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणारा हा लेखक पत्रांत मात्र मोकळा, थट्टेखोर, पुस्तकांविषयी तास न् तास बोलल्यासारखा भेटतो. त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली आहेत. प्रत्यक्ष भेटीपेक्षा पोस्टाच्या पाकिटावरच अधिक विसंबणारे हे नाते मराठी साहित्यातील अत्यंत अनपेक्षित आणि अत्यंत समृद्ध नात्यांपैकी एक आहे. घरातही ज्यांना त्यांनी सख्ख्या बहिणींप्रमाणे सांभाळले त्या मावसबहिणी होत्या. त्यांपैकी नंदा पैठणकर यांनी ‘प्रिय बाबुआण्णा’ हे त्यांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. 1987 च्या डिसेंबरात पुण्यात जी. ए. गेले, तोवर एकाकीपणाची त्यांची ख्याती एवढी पक्की झाली होती, की या नात्यांकडे लक्ष जायला पत्रांचे खंड हाती पडावे लागले.

ज्या गावाने मराठीला हातकणंगलेकर दिले, तेथील वाचकांनी एवढे करावे: ‘पिंगळावेळ’ आणि पत्रांचा पहिला खंड वाचनालयातून एकाच वेळी घरी न्यावा, आधी ‘स्वामी’ वाचावी, मग पत्रे वाचावीत, आणि ‘नियतिवादी’ या विशेषणाचे काय करायचे ते त्यानंतर स्वतःच ठरवावे. घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी ‘मॉन्स्टर’ वाचत असेल, तर तो खंडही मागून घ्यावा.