कोलू पाटलांच्या बांधावर स्वागत : पर्यावरण-इतिहास परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण

नवेगावबांध हे गाव एका तलावामुळे वसले, वाढले आणि नावारूपाला आले. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या गावी पर्यावरणाच्या इतिहासावरील परिषद आणि तिच्या जोडीने लघु चित्रफीत सादरीकरण स्पर्धा भरत आहे, हा गावाचा बहुमान आहे. दूरदूरहून आलेले अभ्यासक, स्पर्धक विद्यार्थी, परीक्षक आणि पाहुणे यांचे स्वागत समितीच्या व समस्त ग्रामस्थांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

परिषदेच्या विषयाआधी यजमान गावाची ओळख करून देण्याची रीत आहे. नवेगावबांधच्या बाबतीत ती ओळख कोलू पाटील कोहळी यांच्यापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा तलाव बांधला. ‘सातबहिणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीत पावसाचे पाणी अडवून सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरलेला जलाशय उभा राहिला. कोणती टेकडी भिंतीचे काम करील, बांध नेमका कुठे घालावा, जादा पाण्याला वाट कुठून द्यावी, हे सारे जमिनीचा उतार आणि पावसाळी ओहोळांची चाल पाहून ठरवायचे होते. ते ठरवणाऱ्या माणसाला पुढच्या पिढ्यांनी देवत्व दिले. कोलासुर देव म्हणून त्यांचे स्थान आजही याच टेकड्यांवर आहे. राजे, सेनापती आणि संत यांची स्मारके देशभर आहेत. धानाला पाणी देणाऱ्या स्थापत्यकाराला दैवत मानणारे गाव म्हणून नवेगावबांधला जो अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. महाराष्ट्राच्या इतिहासग्रंथांत मात्र कोलू पाटलांना एखादी ओळही क्वचितच मिळते. या परिषदेने ही उणीव भरून काढावी, अशी गावाची पहिली अपेक्षा आहे.

कोलू पाटील एकटे नव्हते. तलाव बांधणे आणि ऊस पिकवणे यांत कोहळी समाजाचा हातखंडा होता. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. या उत्तेजनातून आणि या कसबातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या मुलखात हजारो तलाव झाले. शेताच्या वरच्या अंगाला छोटी बोडी, गावाजवळ मोठा तलाव, एकाचा सांडवा दुसऱ्याला भरणारा, अशी साखळी तयार झाली. पाऊस भरपूर पडणाऱ्या या प्रदेशात तलाव कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर धानाच्या वाढीत आहे. लोंबी भरण्याच्या वेळी हस्ताचा पाऊस चुकला, की उभे पीक हातचे जाते. त्या अखेरच्या पाण्याची हमी तलाव देतो.

इंग्रजी अमलात मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत आली आणि तलाव मालगुजारांच्या मालकीचे ठरले. तरी पाणी, मासळी, गाळ आणि गुरांचे पाणवठे यांवरचे गावकऱ्यांचे निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजेपुरत्या वापराचे हक्क, चालत राहिले. पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे आणि पाण्याची वाटणी ही गावाचीच कामे होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ आणि त्याचे संक्षिप्त रूप म्हणून ‘मामा’ तलाव म्हणतात. जमीनदारीचा अंत न्याय्य होता. पण मालकी शासनाकडे गेल्यावर देखभालीची गावची घडी विसकटली, अनेक तलाव गाळाने उथळ झाले आणि बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले. अलीकडे याच तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी व पाणपक्षी यांना आसरा दिला. पाण्याची मालकी बदलली की पाण्याचे रूपही बदलते, हे पर्यावरणाच्या इतिहासातील मोठे सूत्र या तलावांच्या काठी डोळ्यांना दिसते.

नवेगावच्या अरण्याची कथाही या तलावाशी जोडलेली आहे. 1975 मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात. महाराष्ट्रात दुर्मीळ झालेला सारस याच जिल्ह्यातील धानबांध्यांत घरटे करतो. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काम केले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकातून हा परिसर मराठी वाचकांच्या घरोघरी नेला. 2006 मध्ये सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा नवेगावला तो आपलाच सन्मान वाटला.

गावाच्या अभिमानाचे आणखी एक स्थान म्हणजे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची, रंगभूमी. दिवाळीनंतर धान घरात आला की गावोगावी मंडई ही जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते आणि रात्रभर नाटक रंगते. वडसा हे या नाटकांचे मोठे केंद्र आहे. शेतकरी, शेतमजूर, शिक्षक आणि दुकानदार यांनी बनलेला हा प्रेक्षक पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाही. पाहुणे येणार म्हणून मंडईच्या दिवशी घरोघरी चुली पेटतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरिकींची बोलणी होतात. झाडीबोलीतील म्हणी, गाणी आणि संवाद या मंचाने जिवंत ठेवले. आपली गोष्ट आपल्या बोलीत, चार माणसांसमोर उभे राहून सांगण्याची ही सवय आहे. चित्रफीत स्पर्धेशी गावाचे नाते जुळते ते येथेच.

या स्पर्धेचे मोल लिखित साधनांच्या मर्यादेतून समजते. तलावांचा इतिहास बंदोबस्त अहवालांत, गावनकाशांत, गावच्या चालीरीती नोंदवणाऱ्या वाजिब-उल-अर्जात आणि निस्तार पत्रकांत आहे. पण कोणत्या नक्षत्रात पाणी सोडायचे, मरळ कुठे अंडी घालते, पाळ कुठे पाझरते, हे ज्ञान पाणी वाटणाऱ्या आणि जाळे टाकणाऱ्या माणसांच्या बोलण्यात व हातांत आहे. कॅमेरा तो आवाज आणि ते हात दोन्ही टिपतो. उत्तम लघु चित्रफितीने एकच प्रश्न धरावा, जुन्या नकाशाशेजारी आजची जागा दाखवावी, सांगणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचे नाव द्यावे, आणि आठवणीला कागदाचा व कागदाला आठवणीचा पडताळा द्यावा. ज्यांच्याकडून गोष्ट घेतली, त्यांना ती आधी दाखवावी, हे कर्तव्यही त्यात येते.

आता व्यवस्थेविषयी. नवेगावबांध हे शहर नाही. देवलगाव स्थानकावर उतरणाऱ्या पाहुण्यांना गाडीची वाट पाहावी लागली असेल, मुक्कामाच्या शाळाखोल्यांत थंडी जाणवली असेल, मोबाइलची रेंज आणि वीज यांनी ऐनवेळी साथ सोडली असेल. चित्रफिती दाखवण्यासाठी जनरेटरची सोय केली असली, तरी पडदा आणि ध्वनियंत्रणा मोठ्या सभागृहांच्या तोडीची नाही. जेवणात नवेगावचा तांदूळ, लाखोरीची डाळ आणि तलावाची मासळी आहे. शाकाहारी पाहुण्यांची पंगत वेगळी ठेवली आहे. आतिथ्यात जे उणे राहिले, त्याबद्दल स्वागत समिती सर्वांची अंतःकरणपूर्वक क्षमा मागते.

ही परिषद अनेक हातांनी उभी राहिली. धानाची पोती देणारे शेतकरी, मासळी देणारे ढिवर बांधव, मंडप घालणारे कारागीर, आपल्या घरांत पाहुणे उतरवून घेणारी कुटुंबे, खोल्या मोकळ्या करून देणाऱ्या शाळा, स्वयंपाकाचा भार उचलणारे महिला बचत गट, रात्रंदिवस राबणारे तरुण स्वयंसेवक, बक्षिसांची रक्कम देणारे व्यापारी, नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यात राहूनही देणगी पाठवणारे गावकरी, ग्रामपंचायतीचे आणि वनविभागाचे कर्मचारी, या सर्वांचे ऋण समिती नम्रपणे मान्य करते. नाव न सांगण्याच्या अटीवर मदत करणाऱ्यांचे आभारही तितकेच मनापासून.

परीक्षकांनी मोकळ्या मनाने परीक्षण करावे, स्पर्धकांनी निर्भयपणे सादरीकरण करावे, आणि परतण्यापूर्वी सर्वांनी कोलू पाटलांचा बांध पायी पाहावा, ही विनंती. परिषदेचे आणि स्पर्धेचे कार्य यशस्वी होवो, अशा शुभेच्छांसह नवेगावबांध सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करते.