मोकळी होणं

आज मिडवाइफ म्हणून बाहेर पडणाऱ्या स्नातकांनो,

मी 15 वर्षांची असताना आम्ही सोलापूरहून इंग्लंडमधल्या लेस्टरला गेलो. वर्षभरात आईचे दिवस भरले आणि दवाखान्यात तिची दुभाषी झाले मी. मध्यरात्री, कळा वाढल्यावर, माझं मनगट घट्ट धरून आई म्हणाली, "विचार गं, मी मोकळी कधी होणार?" मोकळी होणं म्हणजे बाळंत होणं, हे मला माहीत नव्हतं; मोकळी म्हणजे ‘फ्री’, एवढंच ठाऊक. मी तसंच सांगितलं. मिडवाइफला वाटलं, बाईला घरी जायचंय. ती म्हणाली, "आता घरी जाता येणार नाही." मी तेही आईला सांगितलं. आईनं भिंतीकडे तोंड केलं. पहाटे भाऊ सुखरूप जन्मला, पण तोवर तिनं एक शब्द विचारला नाही.

त्या पाठमोऱ्या आईनं मला या व्यवसायात आणलं.

तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा. किमान 40 बाळंतपणं स्वतः करावी लागतात. माझं इंग्रजी अडखळायचं, वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. धीर दिला तो पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायच्या पिनार्डच्या कर्ण्यानं. पोटावर तो टेकवायचा, कान लावायचा, हात काढून घ्यायचा. आधी काहीच ऐकू येत नाही. आपण स्थिर झालो की ठोके येतात, मिनिटाला 110 ते 160. त्याच वेळी आपली बोटं आईच्या मनगटावर हवीत, नाहीतर आईचीच नाडी बाळाची समजण्याची चूक होते. ऐकलेलं ताडून बघायचं असतं, हे मी तिथे शिकले.

ब्रिटनमध्ये काळ्या आणि आशियाई स्त्रियांचे बाळंतपणाशी निगडित मृत्यू गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहेत, असं तिथले अधिकृत अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. कारणं अनेक आहेत. बाईचं म्हणणं नीट न पोचणं, हे त्यातलं एक.

भाषेची ही अडचण भेटायला तुम्हाला परदेशी जावं लागणार नाही. मेळघाटात कोरकू बोलणारी, भामरागडला माडिया बोलणारी, धडगावला पावरी बोलणारी बाई तुमच्या पुढ्यात येईल. केंद्र सरकारनं 2018 साली मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली, ती तिच्यासाठीही आहेत. रुजू झालात की आशाताईला, गावातल्या जुन्या सुईणीला विचारा: इथे कळांना काय म्हणतात? पाणमोट फुटली हे कसं सांगतात? वार पडली हे? शब्द वहीत उतरवून घ्या. आणि कुठल्याही शाळकरी पोरीला तिच्या आईची दुभाषी करू नका. ते ओझं तिचं नाही.

एवढं करूनही एखादी बाई भिंतीकडे तोंड फिरवेल. तेव्हा पलंगाला वळसा घालून तिच्या समोर जाऊन बसा. शब्द नसले तर हात धरा, आणि ती बोलेपर्यंत उठू नका.

तुमच्या हातांना यश येवो.